जयूच्या शब्दांची वही

मी घर सोडलं त्या सकाळी अण्णांनी माग बंद केले नव्हते. लेक विलायतेला निघालेली, दारात टांगा उभा, गल्लीतल्या बायका ओटीचं सामान घेऊन आलेल्या, आणि आमच्या घराच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये सहाही यंत्रमाग खडाखडा चाललेले. त्या आवाजात कोण काय आशीर्वाद देतंय ते ऐकूच येत नव्हतं. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि मी अंदाजानं मान डोलवत होते. वहिनीला सातवा महिना होता. तरी तिनं वाकून माझ्या पिशवीत चटणीचा डबा कोंबला, त्यावर गुळाचं पुडकं कोंबलं, आणि पदरानं डोळे पुसत आत निघून गेली.

अण्णा शेडच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याच्या आतच थांबले. मी पाया पडायला पुढं झाले, तर त्यांनी दोन्ही हात वर केले, चिमटीला चिमटी टेकवली आणि झटक्यात हात लांब नेले. मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. सूत तुटलं. शेडमध्ये ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात. कांडीवरचं सूत संपलं, वीज गेली, चहा आला, सगळ्याला खुणा. सूत तुटल्याची खूण दिसली की जवळ असेल त्यानं जाऊन गाठ मारायची आणि अंगठा तर्जनीवर फिरवून उलट खूण करायची: गाठ मारली, चालू कर. अण्णा ती पहिली खूण करून आत वळले. म्हणजे, मला आत काम निघालंय, तू नीघ.

पण सहाही माग चालू होते. एकही थांबला नव्हता. जन्मापासून त्या आवाजात झोपलेल्या पोरीला एवढं कानांनी कळतं. अण्णा हातांनी खोटं बोलले होते, कारण त्यांना माझ्यासमोर रडायचं नव्हतं. मीही काही कमी हट्टी नाही. उलट खूण केली नाही, टांग्यात जाऊन बसले. आयुष्यात पुष्कळ गोष्टी राहून गेल्या, त्यांचं काही वाटत नाही. ही एक राहिली त्याचं फार वाटतं.

आई मी मॅट्रिकला असतानाच गेली होती. त्यामुळे निघण्याआधीच्या चार समजुतीच्या गोष्टीही अण्णांनाच सांगाव्या लागल्या, आणि त्यांना समजुतीचं बोलता येत नसे. आदल्या दिवशी त्यांनी मला एका मागाजवळ नेलं. आमचे माग सेकंडहँड, फार जुने. एकाच्या लोखंडी बाजूवर इंग्रजी अक्षरं ओतलेली होती, कुठल्याशा विलायती कारखान्याचं नाव. त्यावरचं तेल फडक्यानं पुसून अण्णा म्हणाले, "सुमे, तू परक्या मुलखाला न्हाय निघालीस. आपल्या मागांच्या म्हायेरला निघालीस की! रडायचं काय त्यात?" मी म्हटलं, मी कुठं रडतेय? ते म्हणाले, "मग बरं हाय."

ह्यांना उत्तर इंग्लंडमधल्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली होती. मागांचं माहेर खरंच तिथं होतं, पण ओसाड पडलेलं. लाल विटांच्या उंच गिरण्या, निम्म्या बंद, चिमण्यांतून धूर नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, ती थंडीनं नव्हे, शांततेनं. घरात काही बिघडलंय, वीज गेलीय, कुणीतरी उठून बघायला पाहिजे, असं सारखं वाटत राहिलं. तुम्ही जे तिकडं राहिलात, त्या तुम्हाला वाटतं गेलेले लोक मजेत असतात. आणि माझ्यासारखे जे गेले, त्यांना सांगायला नको की पहिली दोन वर्षं माणूस नुसता दाराच्या फटीतून पडणाऱ्या पत्रांकडं बघत काढतो. घरचं निळं पत्र दिसलं की मी ते लगेच फोडत नसे. आधी चहा करायचे, मग हात धुवायचे, मग वाचायचे. तेवढा वेळ तरी पत्र संपत नाही.

आमची घरमालकीण मिसेस वुड खाली राहायची. पहिला आठवडाभर मला वाटलं, म्हातारीचा आवाज गेलाय. रस्त्यापलीकडच्या बाईशी ती नुसते ओठ मोठे-मोठे हलवून बोले, आवाज नाही. मग कळलं, बाईनं चाळीस वर्षं मागांवर काढली होती. त्यांच्याकडं हातांऐवजी ओठांनी बोलायचं. माझ्या घरी सहा माग आहेत हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि आत नेऊन केक खायला घातला. परक्या मुलखात ओळख निघाली ती अशी. अण्णांना कळवलं, तर त्यांचं उत्तर: "सांगितलंतं न्हवं, म्हायेर हाय म्हनून?"

कोल्हापूरला स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाले होते, त्याच्या जोरावर मला तिथल्या विद्यापीठात काम मिळालं. नाव मोठं, काम कार्डं पंच करण्याचं. कॉम्प्युटर तेव्हा खोलीभर मोठा असायचा आणि त्याला जे काही सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे. साडीच्या किनारीची नक्षी उठवायला मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे लावतात, तसंच. मी हे घरी लिहिलं. अण्णांनी दादाकडून लिहवून घेतलं, "म्हणजे किनारीचंच काम की. मग येवढ्या लांब कशाला गेलीस?"

आमच्या प्रोफेसरांना एकच ध्यास होता. लहान पोर शब्द कसं शिकतं? हे पोराला विचारता येत नाही आणि त्याच्या डोक्यात डोकावता येत नाही. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता, ज्याला सुरुवातीला एकही शब्द येत नसे. कार्डांवरून त्याला एकेक दिवस भरवायचा. आज पोरापुढं काय काय होतं, घरातली माणसं काय बोलली. प्रोग्रॅम जोड्या लावत बसायचा, हा शब्द त्या वस्तूचा असावा. चुकायचा. दुसऱ्या दिवसाचं ऐकून सुधारायचा. मग तो काय शिकला आणि खरं पोर काय शिकलं, हे शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. दोघांचं बरोबर आलं तर प्रोफेसर नुसते हुं करत. दोघं एकाच ठिकाणी सारखेच चुकले, की त्यांचा चेहरा फुलायचा. आमच्या शाळेत चुकल्यावर छडी मिळे. चुकीला खूश होणारा मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांच्याकडं इंग्रज पोरांच्या वह्या होत्या. दुसऱ्या एखाद्या भाषेतलं पोर पाहिजे, असं ते एकदा बोलले, आणि मी ताडकन म्हणाले, माझी भाची आहे. जयश्री. जयू. मी निघाल्यावर दोन महिन्यांनी झाली होती, आणि तेव्हा वर्षाची व्हायची होती. मी तिला पाहिलंही नव्हतं.

खरं सांगते, विज्ञानाची मला तेवढी पडलेली नव्हती. कार्डं पाडणारी बाई एवढंच न राहता संशोधनातलं माणूस व्हावं हा लोभ होता, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठा लोभ दुसराच. जयूचा एकेक शब्द माझ्या बोटांखालून जाणार होता. ज्या घरात मी नव्हते, त्या घरातलं बोलणं रोज ऐकायला मिळणार होतं. मी एक वही आखली. तारीख, शब्द, कशाला म्हणाली, तेव्हा जवळ कोण होतं. वहिनी सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. तिला लिहिलं, वहिनी, जयू जे बोलेल ते रोज लिही, भरली की पाठव, इथं सगळे वाट बघताहेत.

वह्या यायला लागल्या. आई. दादा. भू. माऊ. पापा. मी ते इंग्रजी अक्षरांत पंच करायची आणि प्रत्येक शब्द ओठांत म्हणायची. पंच मशीनचा खाडखाड आवाज मागासारखा यायचा. डोळे मिटले तर वाटे, भिंतीपलीकडं शेड आहे, वहिनी चुलीपुढं आहे आणि पायाशी पोर बडबडतंय. ते सहा-आठ महिने मी त्या देशात सुखी होते. मिसेस वुडलासुद्धा मी माऊ आणि पापा शिकवले होते.

मग एके दिवशी प्रोफेसरांनी मला बोलावलं. समोर कॉम्प्युटरचे लांबलचक कागद पसरलेले. ते म्हणाले, तुमची भाची फार हुशार आहे. त्यांच्या आवाजावरून कळलं की ही स्तुती नव्हे. इंग्रज पोरं एक शब्द शिकत, तो विसरत, कुत्रा-मांजर-बकरी सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत, आठवडेच्या आठवडे गप्प राहत आणि मग अचानक धबाधबा बोलायला लागत. जयू रोज दोन शब्द शिकत होती. एक कमी नाही, एक जास्त नाही. एकही विसरत नव्हती, एकदाही चुकत नव्हती. प्रोग्रॅमला तिच्या वहीत कोडं असं काही सापडतच नव्हतं, तो सगळं पटापट शिकून मोकळा. "ही वही कोण लिहितं?" त्यांनी विचारलं. अगदी सभ्यपणे विचारलं. माझे कान तापले.

मी तापट आहे हे आमच्या गावात, कबनूरात, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी दुपारी मी वहिनीला पत्र लिहिलं. एरवी मी तिला अगं-तुगं करायची. आई गेल्यावर ती घरात आली, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी, मैत्रीणच. त्या पत्रात मी तिला 'तुम्ही' म्हटलं. तुम्ही मनचं लिहिता, हे इथं सिद्ध झालं आहे. माझी इथं मान खाली गेली. जमत नव्हतं तर तसं कळवायचं होतं. असलं बरंच. पत्र पेटीत पडल्याचा आवाज झाला तेव्हाच मला वाटलं, हे आता बाहेर काढता आलं तर बरं.

चार-पाच दिवस मी घुम्यासारखी होते. मिसेस वुडनं ते ओळखलं. खाली बोलावून चहा दिला, आणि मी सगळं सांगितलं. शेडला लागून घर, आवाजातलं पोर, खुणा, वही. ती म्हणाली, "आमच्या शेडमध्ये एक पोरगी लागली होती. जन्माची बहिरी. आम्हाला महिनाभर पत्ता नव्हता. कळणार कसं? तिथं सगळेच बहिरे." ती हे सहज बोलली, जुनी गंमत सांगावी तसं.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. वहीतला शेवटचा रकाना मला आठवला, जवळ कोण होतं. तिथं वहिनीनं वरचेवर एक वाक्य लिहिलं होतं, आणि कार्डावर त्याला जागा नसल्यामुळे मी ते दर वेळी गाळलं होतं. 'माग चालू, जयू शेडमधी झोपलेली.' 'माग चालू झालं तरी उठली न्हाय.' आम्ही सगळेच मागांच्या आवाजात झोपत मोठे झालो, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पण चालू होताना तर आम्हीसुद्धा दचकून उठत असू.

मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात राग नव्हता, एकच काम होतं. सगळे माग बंद करा. जयूच्या पाठीमागं उभं राहून परात वाजवा. ती वळून बघते का ते कळवा.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. दोन्ही पत्रांना मिळून एकच उत्तर होतं. ते माझ्याकडं अजून आहे, घडीवर फाटलंय, पण मला ते वाचावं लागत नाही.

"वन्सं, तुमचं पैलं पत्र वाचून मी दोन दिस जेवलो न्हाय. तुमी म्हंता त्ये खरं हाय. वहीतलं एक बी अक्षर जयूचं न्हाय. ती बोलतच न्हाय. शेजारच्या शांताचं पोर तिच्याच वयाचं हाय, त्ये बोलंल त्यातलं रोज दोन शब्द मी लिवत गेलो. त्ये चुकलं की वहीत बरोबर करून लिवायचो. आपल्या पोरीच्या नावानं जातंय, मग चुका कशाला, असं वाटायचं. वही रिकामी धाडली तर तुमची नोकरी जाईल म्हनून भ्यालो. तुमी तिकडं एकट्या. आनि खरं सांगू का, लिवताना मला बी वाटाय लागायचं की जयूच बोलतीया.

"मामंजी म्हनायचं, आपल्यात पोरं उशिराच बोलत्यात. वाडीला दत्तापुढं बसवून आनली. पौर्णिमा धरल्या. पर माझ्या मनात पाल चुकचुकत हुती. कुनाला सांगू? तुमास्नी सांगायचं तर तुमी वाट बघालाय शब्दांची.

"तुमचं दुसरं पत्र मामंजींनी दोनदा वाचून घेतलं. मग सोता उठून सहाच्या सहा माग बंद केलं. भर सकाळी माग थांबलं तशी गल्लीतली मानसं पळत आली, कोन गेलं म्हनून. जयू पाठमोरी बसलीती, कांड्या खेळत. मामंजींनी परात घेतली आनि लाटण्यानं बडवली. न्हाय बघितलं. परत बडवली. न्हाय बघितलं. मग तिनं भुईवर हात ठेवला. मागांची थरथर बंद झालीती, ती तिला कळली. वर बघितलं, मागांकडं बघितलं, मग मामंजींकडं वळली आनि दोन्ही हातांनी इचारलं, सूत तुटलं का?

"मामंजींच्या हातनं परात पडली. मामंजी खाली बसलं आनि रडलं, वन्सं. सासूबाई गेल्या तवा बी न्हवतं रडलं. मग डोळं पुसलं आनि तिला हातानं सांगितलं, गाठ मारली. तशी ती हसली आनि परत कांड्या खेळाय लागली."

ते पत्र वाचून मी विद्यापीठात गेले नाही. बसून राहिले. कुणाची चूक म्हणून कुणाला दोष द्यायचा? रकाने मीच आखले होते. तोंडातून निघेल तोच शब्द, असं मीच धरून चालले होते, आणि तेही हातांनी बोलणाऱ्या घरातली लेक असून. पोर इतके दिवस बोलत होतं. आमच्या घरचीच भाषा बोलत होतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की परत जावं. पण तिकिटाला तेव्हा वर्षभराची बचत लागे, आणि मी ती केलेली नव्हती. मी फक्त लिहू शकत होते. दादा जयूला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, जन्मापासून ऐकू येत नाही. पुढं कोल्हापूरच्या मूकबधिर शाळेची माहिती त्यांनीच दिली. वहिनीनं तेवढ्यात हाय खाल्ली असेल असं मला वाटलं होतं. तिनं तर नवी वही सुरू केली.

या वहीत तिनं रकाने स्वतः आखले होते. एका बाजूला हाताचं चित्र, पेन्सिलीनं काढलेलं, दुसऱ्या बाजूला 'कशाला केलं'. सूत तुटल्याची खूण पहिल्याच पानावर होती. जयूनं ती मागाला केली होती. मग भाकरी मोडली तेव्हा केली. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा केली. वीज गेली तेव्हा, पाहुणे एसटीत बसून गेले तेव्हा, वाटीतलं दूध संपलं तेव्हा. मग आठवडाभर वहीत काहीच नाही, नुसत्या तारखा. मग एका दिवसात सात नव्या खुणा. संपल्याला तिनं पुढं कांडी संपल्याची खूण घेतली, गेलेल्या पाहुण्यांना मात्र सूत तुटलं हेच राहिलं.

मी वही प्रोफेसरांपुढं ठेवली आणि सगळं खरं सांगितलं. खोट्या वह्यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. चित्रं बघत बसले. त्या खुणांना आकडे देऊन मी कार्डं पाडली, काम सुटल्यावर थांबून पाडली, कारण पंच करणाऱ्या दुसऱ्या बाईला त्यातलं काही कळलं नसतं. प्रोग्रॅमनं जे जे संपलं, मोडलं, निघून गेलं, त्या सगळ्याला तीच एक खूण लावली. जयू जिथं चुकली होती, तिथंच चुकला. प्रोफेसरांचा चेहरा फुलला. मी मात्र त्या कागदांकडं बघत होते आणि मला वाटत होतं, इतकं सगळं तुटताना मी एकदाही तिथं नव्हते.

वहीच्या शेवटच्या पानावर वहिनीनं लिहिलं होतं: 'भिंतीवरचा फोटो दाखवून इचारलं, ही कोन? मामंजींनी तिला हातानं सांगितलं. आता फोटो बघितला की ती तीच खूण करती.' आणि समोर चित्र. दोन चिमट्या, लांब नेलेल्या. फोटो माझा होता. जयूच्या भाषेत माझं नाव 'सूत तुटलं' होतं.

त्याचंही कार्ड मीच पाडलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे ते दोनदा चुकलं.

संशोधन पुढं मागं पडलं. प्रोफेसर दुसरीकडं गेले, मोठा कॉम्प्युटर गेला, त्याच्या जागी लहान आले, आणि जयूची कार्डं मला कुणीतरी बुटांच्या खोक्यात घालून दिली. मी कबनूरला गेले तेव्हा जयू सात वर्षांची होती. शाळेला सुट्टी लागली होती. टांग्याऐवजी रिक्षानं दारात आणलं, बाकी आवाज तोच. सहा माग खडाखडा. तो आवाज कानावर पडला आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप यायला लागली, उभ्या उभ्या.

शेडच्या दारात एक काळीसावळी, दोन वेण्यांची पोरगी उभी होती. तिच्या मागं अण्णा, फार वाळलेले. जयूनं माझ्याकडं निरखून बघितलं, एकदा आत भिंतीकडं बघितलं, फोटो आणि बाई ताडून पाहिली, आणि दोन्ही हात वर करून मला नावानं हाक मारली. सूत तुटलं.

मी तिच्या डोक्यावरून अण्णांकडं बघितलं. अंगठा तर्जनीवर फिरवला. गाठ मारली. सात वर्षं उशिरा का होईना.

अण्णांनी मान वळवली. पण जयूनं ते पाहिलं होतं. ती माझ्या बोटांकडं बघत विचारात पडली. मग तिनं एक केलं, जे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं. चिमट्या लांब नेल्या, परत जवळ आणल्या, त्याच जागी बोटं फिरवून गाठ मारली आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. दोन खुणांची तिनं एक केली. आमच्या प्रोग्रॅमला दिलेलं सगळं शिकता येई, पण घरात नसलेला शब्द त्यानं कधी काढला नाही. तो महिनाभर अण्णा, दादा, वहिनी, सगळ्यांनीच मला त्याच नावानं हाक मारली. मला मात्र तिची भाषा धड येईना. मी चुकले की जयू पोट धरधरून हसायची आणि माझी बोटं धरून नीट करायची. शिकवायला ती प्रोफेसरांपेक्षा कडक होती.

वहिनीशी त्या पत्राबद्दल बोलायचं मी रोज ठरवायची आणि टाळायची. शेवटी तिनंच काढलं, भाकरी थापता थापता. "वन्सं, त्या पत्रात मला 'तुम्ही' म्हनलासा की न्हाय, तेवढंच लागलं बगा. बाकी सगळं बरूबर हुतं." मी म्हटलं, "चुकलं गं." ती म्हणाली, "जेवा आता. गार व्हतीया." गरम भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली, आणि त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते. इतकी वर्षं मी कशाला आसुसले होते ते मला त्या ताटापुढं कळलं.

परत निघताना या वेळी अण्णा उंबरा ओलांडून बाहेर आले. माग तसेच चालू. बोलले असते तरी ऐकू आलं नसतं. रिक्षा सुटताना त्यांनी हात वर केले आणि माझं नवं नाव पुरं घेतलं, तुटण्यापासून गाठीपर्यंत. शेजारी जयू त्यांच्या हातांकडं बघत होती, नीट करतायत का म्हणून.

मला इथं येऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पासपोर्ट बदलला, मिसेस वुड गेली. मुलं इथली आहेत, त्यांना मराठी कळतं, बोलत नाहीत. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी पत्ता सांगते, तो खोटा नाही. पण इथं मला सुमन म्हणतात, मिसेस म्हणतात, मुलं मम म्हणतात, आणि यातल्या कुठल्याही हाकेला माझे हात हलत नाहीत. खिडकीशी उभी असले की कधीकधी मी स्वतःच स्वतःला त्या नावानं हाक मारते, चिमट्या लांब, मग जवळ, मग गाठ. ते नाव कागदावर लिहिता येत नाही, फोनवर घेता येत नाही. त्यासाठी समोर उभं राहावं लागतं. मला त्या नावानं हाक मारता येणारी माणसं जगात चारच होती, आणि चारही कबनूरच्या त्या शेडच्या दारात उभी राहायची. अण्णा गेल्यापासून तीन.